उत्तरासाठी ठेवलेली जागा

वाघोलीला नगर रस्त्याच्या कडेला एका टायरच्या दुकानावर माझा क्लास आहे. पायलट होऊ पाहणारी मुलंमुली तिथे लेखी परीक्षेची आणि रेडिओवर बोलण्याची तयारी करतात. खोली लांबट आहे. पुढे फळा, मध्ये बाकं, आणि मागे लाकडी आडोसा घालून केलेली एक छोटी जागा. तिथे मी हेडफोन लावून बसतो आणि मुलांच्या सरावात कधी टॉवर होतो, कधी दुसरं विमान. माझ्या डोक्यावरचा पंखा फिरताना टक-टक, टक-टक असा आवाज करतो. जागामालकांना सांगून मी थकलो. "फिरतोय ना?" असं ते विचारतात. फिरतो हे खरंच असल्यामुळे आमचं बोलणं तिथेच संपतं.

या क्लासमध्ये आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात मला एकटं गाठतो आणि तेच विचारतो. "सर, मोठ्या कंपनीची वाट बघू, की छोट्या कंपनीत लागू?"

वाचकांपैकी बहुतेकांना वाटतं की पायलट म्हणजे पायलट, टोपी आणि पगार ठरलेला. तसं नाही. छोटी कंपनी म्हणजे लहान गावांना शहराशी जोडणारी, लहान विमानांची कंपनी. तिथे पगार असा, की नातेवाइकांना आकडा सांगताना माणूस विषय बदलतो. पण तिथे उड्डाणाचे तास भराभर जमतात आणि डावी खुर्ची, म्हणजे कॅप्टनची खुर्ची, लवकर मिळते. मोठ्या कंपनीत तुम्ही उजव्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षं दुसऱ्याचं विमान बघता. म्हणून हिशेबी पोरं छोट्या कंपनीत शिरतात, तास जमवतात आणि मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं की निघतात. या धंद्यात छोट्या कंपनीला सगळे पायरीच म्हणतात.

मी त्या पायरीवर जन्म काढला. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी पटकन देत नाही. आज सगळंच सांगतो.

माझे वडील कात्रजला दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. आमच्या सबंध घराण्यात कॉलेज पुरं केलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., फिजिक्स. मार्कशीट वडिलांनी देवाच्या फोटोशेजारी लावली होती आणि ती तिथे शोभत होती, असं माझं आजही मत आहे. पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर विमान शिकलो आणि पुण्याहून उडणाऱ्या एका एअर टॅक्सी कंपनीत लागलो. नव्वदच्या दशकात अशा कंपन्या बऱ्याच निघाल्या होत्या. आमचीही त्यातलीच. पहिला पगार ऐकून वडिलांनी आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाले, "टोपी सायबाची हाय आन् पगार टँकरवरच्या किलीनरचा. बघ बाबा."

आमची विमानं एकोणीस माणसांची होती. हवाई सुंदरी वगैरे काही नाही. कॉकपिटला दार नव्हतं, पडदा होता, आणि तोही बहुधा गोळा होऊन एका बाजूला गेलेला असायचा. एका साखर कारखान्याचे चेअरमन नेहमीचे प्रवासी. ते पुढच्या सीटवरून हात लांबवून माझ्या खांद्यावर थोपटायचे. "कॅप्टन, जरा आमच्या कारखान्यावरनं घ्या की. धूर निघतोय का बघतो." मी म्हणायचो, "साहेब, ही एसटी नाही." ते म्हणायचे, "एसटीवाला ऐकतो तरी."

ते ज्या गावी जायचे तिथली धावपट्टी या गोष्टीत महत्त्वाची आहे. गावाचं नाव देत नाही, उगाच तिथल्या लोकांना त्रास नको. पुण्याहून तासाभराच्या आत, उघड्या माळावर एक डांबरी पट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, एक पत्र्याची शेड आणि केरबा नावाचा वॉचमन. टॉवर नाही. खाली रेडिओसुद्धा नाही. विमानाचा आवाज आला की केरबा सायकलवरून पट्टीवर एक फेरी मारायचा आणि कुत्री हाकलायचा.

अशा ठिकाणी उतरताना पायलट काय करतो, ते सांगतो. तो रेडिओवर हाक देतो. आम्ही अमुक विमान, पट्टीच्या पूर्वेला इतक्या मैलांवर आहोत, उतरायला येतोय. ही हाक कोणा एकाला नसते. आसपास कोणी उडत असेल तर त्याने ऐकावं म्हणून ती हवेत सोडायची. मी तिला आंधळी हाक म्हणतो. उत्तर आलं नाही तर वाट मोकळी आहे. आमच्या धंद्यात शांतता हेच चांगलं उत्तर.

हे मला कॅप्टन दिघ्यांनी शिकवलं. दिघे सर कंपनीतले सर्वांत जुने. उंच, किडकिडीत, सदाशिव पेठेत वाढलेले, आणि स्तुती करायची वेळ आली की खोकला येणारे. त्यांच्या हाताखाली तयार होऊन किती जण मोठ्या कंपन्यांत गेले याची गणती नव्हती. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही का नाही गेलात?"

"माने, मी पायरी आहे," ते म्हणाले. "पायरी कधी जिना चढून गेलेली पाहिलीत का आपण?"

त्यांची एक शिस्त होती. बाकीचे पायलट हाक देऊन टाकतात आणि लगेच पुढच्या कामाला लागतात. दिघे सर हाक दिली की थांबायचे. हात जागच्या जागी, कान रेडिओला. "हाक मारली ना? मग उत्तराला जागा ठेवा," म्हणायचे. "उत्तर येणार नाही, हे ठरवणारे आपण कोण?" एवढी जागा ठेवायला आमच्याकडे वेळ कमी असतो, पण त्यांच्या हाताखालचा प्रत्येक जण ती ठेवायला शिकला. मीही शिकलो आणि पुढे मी कॅप्टन झाल्यावर माझ्या कोपायलटना शिकवली.

साखरेच्या हंगामात गर्दी असली की कंपनी त्या पट्टीवर दोन विमानं मागोमाग पाठवायची. पुढे दिघे सर, मागे मी. उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्याला आम्ही फायनल म्हणतो. रेडिओवर इंग्रजीतच बोलायचा नियम आहे, पण ऐकायला तिसरं कोणी नसायचं. मी हाक दिली की ठेवलेल्या जागेत त्यांचा आवाज यायचा, "मी फायनलवर आहे. तुम्ही जरा थांबा." आणि मी म्हणायचो, "हो सर."

दिघे सर निवृत्त झाले आणि पुढच्याच पावसाळ्यात गेले. झोपेत गेले. आम्ही सगळे वैकुंठ स्मशानभूमीत होतो, मी खांदा दिला.

त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट.

तेव्हा माझी कोपायलट नौशीन तांबोळी होती. भवानी पेठेत तिच्या वडिलांचं बुकबाइंडिंगचं दुकान. तीही घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे आमचं न बोलता जमायचं. दिघे सरांच्या शेवटच्या वर्षात तिने त्यांच्याबरोबरही उड्डाणं केली होती. ती कामात चोख होती, आणि एरवी जिभेने तिखट. मी जोरात टेकवलं की म्हणायची, "सर, पोचलो हे सगळ्यांना कळलं."

त्या आठवड्यात तिला मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं होतं. लेखी झालेली, विमानातली परीक्षा झालेली, आता फक्त शेवटची मुलाखत आणि आमच्या कंपनीकडून दोन चांगले शब्द. असं बोलावणं मुलींना तेव्हा सहजी येत नसे. तिच्या अब्बांनी मोहल्ल्यात कोणाला सांगितलं नव्हतं. "नजर लागते म्हणतात," ती हसून म्हणाली. "मी म्हटलं, अब्बा, मी फिजिक्सवाली. तर म्हणाले, नजर फिजिक्स बघत नाही." माझाही अर्ज त्याच कंपनीत पडून होता. माझे तास केव्हाच भरले होते. आज टाकू, उद्या टाकू करत शेवटी टाकला होता.

सकाळची वेळ. उन्हं वर आली होती, पण माळावर धुरकं अंथरल्यासारखं पसरलं होतं आणि पट्टी त्यातून पुसट दिसत होती. विमान मी चालवत होतो, रेडिओ नौशीनकडे. चेअरमन नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर. कंपनीचं दुसरं विमान पुण्यात हँगरमध्ये दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं होतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

नौशीनने हाक दिली. स्वच्छ, शांत आवाजात. मग शिकवल्याप्रमाणे जागा ठेवली.

त्या जागेत आवाज आला.

"मी फायनलवर आहे. तुम्ही जरा थांबा."

म्हाताऱ्या माणसाचा, थोडा खरखरीत आवाज. घाई नाही, काळजी नाही. आणि त्या आवाजामागे काहीतरी ठरावीक तालात टकटकत होतं. विमानातला असा कुठला आवाज मला माहीत नव्हता. माझा हात मला न विचारता पुढे गेला, इंजिनांचा जोर वाढला आणि विमान उतरायचं सोडून वर चढलं. एवढं झाल्यावर मी नौशीनकडे पाहिलं. ती समोर बघत नव्हती, खाली पट्टीकडेही बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

मागून हात आला. "काय कॅप्टन, पुण्यात काही राह्यलं काय?"

मी म्हणालो, "जरा फेरी मारतो, साहेब."

"मग कारखान्यावरनं मारा."

फेरी मारताना मी खाली पाहिलं. पट्टीवर काही नव्हतं. विमान नाही, ढोर नाही, माणूस नाही. धुरकं मात्र पट्टीच्या मधोमध दुभंगलं होतं, नुकतंच त्यातून काहीतरी गेल्यासारखं. केरबा सायकल धरून कडेला उभा होता, आणि आमच्याकडे पाठ करून पट्टीच्या लांबच्या टोकाकडे पाहत होता.

नौशीनने दुसऱ्यांदा हाक दिली. जागा ठेवली. या वेळी जागा रिकामी राहिली आणि आम्ही उतरलो.

प्रवासी गेल्यावर मी केरबाला विचारलं, "अजून कुणी आलं होतं का सकाळी?"

"न्हाई सायेब. कोन येनार?" केरबा म्हणाला. मग डोकं खाजवून म्हणाला, "पर कुत्री म्या दोनदा हाकलली. आवाज दोनदा आला."

"पहिल्यांदा आम्हीच होतो. उतरलो नाही, वर गेलो."

"आसंल," तो म्हणाला. "तुमी वरनं ग्येला. त्यो आवाज खालनं ग्येला."

परतीच्या वाटेवर नौशीन कामापुरतं बोलली. पुण्यात विमानापासून ऑफिसपर्यंत चालत जाताना मी म्हणालो, "तूही ऐकलंस."

"ऐकलं, सर."

"कोणाचा आवाज, ते ओळखलंस?"

ती थांबली. परत माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मला आत्ता नका विचारू."

"हे बघ," मी म्हणालो, "कोणी विचारलं तर तू काही ऐकलं नाहीस. वर जायचा निर्णय कॅप्टनचा होता, जबाबदारी कॅप्टनची. तुझी मुलाखत आहे."

हे सांगणं का गरजेचं होतं, ते बाहेरच्या माणसाला कळायला हवं. पायलटचा गुडघा दुखतो, कंबर दुखते, ते चालतं. डोळ्याला चष्मा लागला तरी चालतो. पण रिकाम्या हवेतून मला माणसाचा आवाज आला, असं पायलट एकदा म्हणाला की त्याला परत विमानात बसवायला कोणीही दहा वेळा विचार करतं. उतरायचं सोडून वर जाणं हा काही गुन्हा नव्हे. शहाणे पायलट तेच करतात. पण चेअरमननी उशीर झाल्याची तक्रार केली, आणि आमचे चीफ पायलट कॅप्टन आगाशे यांनी कॉकपिटची टेप काढायला लावली. विमानातलं बोलणं आणि रेडिओ, दोन्ही त्या टेपवर उतरतं.

आगाश्यांच्या खोलीत आम्ही दोघे उभे. बसा म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी टेप लावली. नौशीनची हाक. मग नुसती खरखर. रेडिओवर दुसरा कोणताही आवाज नाही. त्या खरखरीच्या शेवटी एक कोवळा, आज्ञाधारक आवाज म्हणाला, "हो सर." आणि इंजिनांचा जोर वाढला.

"हा तिसरा कोण?" मी विचारलं. खरंच विचारलं.

आगाश्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तांबोळी, यांना सांगा."

"तुमचाच आवाज आहे, सर," नौशीन हळू आवाजात म्हणाली.

मला तो ओळखू आला नव्हता. आपल्याला आपला आवाज आतून ऐकायची सवय असते, बाहेरून तो परक्याचा वाटतो. आणि मी तसं काही बोललो होतो, हेही मला आठवत नव्हतं.

"तर माने," आगाशे म्हणाले, "आपण उत्तर देताय. कोणाला?"

खोटं बोलावं असं मनात आलं. पण ज्यांनी मला शिकवलं त्यांचं नाव घ्यायला घाबरायचं, हे मला जमेना. "दिघे सरांना," मी म्हणालो. "मला त्यांचा आवाज आला. फायनलवर आहे म्हणाले."

आगाश्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. तेही दिघ्यांचेच विद्यार्थी. "दिघ्यांना आपण सगळे पोचवून आलोय," ते म्हणाले. "खांदेकऱ्यांत आपण पुढे होतात. मला वाटतं तेव्हाच त्यांचं फायनल झालं." मग नौशीनकडे वळले. "तांबोळी, एकच प्रश्न. हो किंवा नाही. तुम्हाला कॅप्टन दिघ्यांचा आवाज आला?"

तिची मुलाखत, तिचे अब्बा, भवानी पेठेतलं ते दुकान, सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. नौशीनने माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही, सर."

"संपलं," आगाशे म्हणाले. "मुलाखतीला शुभेच्छा. माने, तुम्ही थांबा."

ती निवडली गेली. मला जमिनीवर उतरवलं. डॉक्टर झाले, कान तपासले, डोकं तपासलं, बेंगळुरूला पाठवून पुन्हा सगळं तपासलं. कुठे काही सापडलं नाही. काही महिन्यांनी मी परत विमानात बसलो. मोठ्या कंपनीने मात्र माझा अर्ज न बोलता बाजूला ठेवला, आणि मीही पुन्हा टाकला नाही. आमची कंपनी पुढे बंद पडली, दुसरी निघाली, तिच्यात गेलो. अशाच लहान पट्ट्यांवर उतरत उतरत निवृत्त झालो. माझ्या हाताखालून किती जण वर गेले ते मी मोजत नाही. वडील शेवटपर्यंत विचारत होते, "मोटं इमान कंदी?" मी म्हणायचो, "हे लहान बरं चालतंय."

एक गोष्ट मला टोचत राहिली. नौशीनला नाही म्हणायला मीच सांगितलं होतं. तिने ते मानलं, तर मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण ऐकलं असताना ती नाही म्हणाली, आणि त्या खोलीत मी एकटा वेडा ठरलो, हे मनातून गेलं नाही. ती दर ईदला फोन करायची. आम्ही त्या सकाळबद्दल कधीच बोललो नाही.

परवाच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. आता ती मोठ्या विमानांची कॅप्टन, जग बघून बसलेली. पुण्यात मुक्काम होता. म्हणाली, "सर, तुमचा क्लास बघायला येते." मी म्हणालो, "ये, मुलांशी चार शब्द बोल. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, तुझा पगार बघून तरी बसेल."

ती आली तेव्हा सराव चालू होता. मी मागे आडोशात, हेडफोन लावून. पुढे एक मुलगी आंधळी हाक देत होती. लहान पट्टीवरचा हा धडा मी क्लास सुरू केल्यापासून रोज घेतो. मुलांनी हाक द्यायची, उत्तराला जागा ठेवायची. कधी ती रिकामी सोडतो, म्हणजे त्यांनी उतरायचं. कधी दुसऱ्या विमानाचं उत्तर देतो, म्हणजे त्यांनी वर जायचं. काय येणार हे त्यांना माहीत नसतं, त्यामुळे कान उघडे राहतात. इंग्रजी उत्तर त्यांना पाठ असतं. त्यांनी दचकावं म्हणून मी मराठीत देतो, दिघे सरांच्या शब्दांत.

मुलीने जागा ठेवली. मी म्हणालो, "मी फायनलवर आहे. तुम्ही जरा थांबा."

हेडफोन काढून बाहेर आलो तर दारात नौशीन युनिफॉर्ममध्येच उभी होती. तिने चौकट धरली होती. ती आधी माझ्याकडे आणि मग वर पंख्याकडे पाहत होती.

मुलांशी ती छान बोलली. छोट्या कंपनीत जाऊ का, हा प्रश्न आलाच. ती म्हणाली, "जा. पण तिथे तुम्हाला कोण शिकवतंय, ते नीट बघा. पुढे कामाला तेवढंच येतं." मुलं गेल्यावर खालच्या टपरीवरून चहा मागवला. तो तसाच राहिला.

"सर," ती म्हणाली, "मी आगाशे सरांना खोटं सांगितलं नाही."

"जाऊ दे ना ते आता."

"जाऊ देण्यातलं नाहीये. त्यांनी विचारलं, दिघ्यांचा आवाज आला का. नाही आला. दिघे सरांचा आवाज मला चांगला माहीत होता. तो त्यांचा नव्हता." तिने ग्लास उगाच फिरवला. "तो तुमचा होता. तुम्ही माझ्या शेजारी तोंड मिटून बसला होतात आणि कानात तुम्ही बोलत होतात. म्हणून मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. हे कोणाला सांगणार होते मी? तुम्हाला तरी कसं सांगणार?"

मी हसायचा प्रयत्न केला. "माझा आवाज तेव्हा असा नव्हता."

"नव्हताच. म्हातारा होता. मला इतकी वर्षं वाटायचं, तिथे माझी काहीतरी चूक झाली, आवाज तुमचा असेल तर म्हातारा कसा." ती थांबली. "आत्ता बोलताय ना, असाच होता. आणि मागे हे होतं."

तिने बोट वर केलं. टक-टक, टक-टक.

माळावर ऐकलेलं ते टकटकणं माझ्याही कानात होतं. इतकी वर्षं मी रोज त्याच्याच खाली बसत होतो आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. माझाच आवाज टेपवर मला ओळखू आला नव्हता. तो म्हातारा होऊन आला तर कुठून ओळखणार? मी शब्द ऐकले आणि सर समजलो.

"मग उद्यापासून बंद करतो," मी म्हणालो. "दुसरं काहीतरी उत्तर देईन."

"नका, सर." तिने इतक्या पटकन म्हटलं की मी दचकलो. "त्या दिवशी थांबलो नसतो तर खाली काय होतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच नव्हतं. पण माझ्यामागे आता रोज विमानभर माणसं बसतात. मी वर आले ती तिथून. ते काढून नका घेऊ."

"आणि माझं त्यात जे गेलं ते?" हे मी मोठ्याने म्हणालो की मनात, नक्की आठवत नाही. पण तिने उत्तर दिलं. "ते माहीत आहे मला. म्हणूनच आले."

जाताना ती वाकून पाया पडली. हे तिने कधी केलं नव्हतं. ती खाली उतरत असताना जागामालक जिन्यात भेटले आणि बाईंच्या खांद्यावरच्या पट्ट्या बघून बहुधा माझ्याबद्दलचं त्यांचं मत बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी वायरमन पाठवला. "सर, तो पंखा बघायला सांगितलाय."

मी त्याला म्हणालो, "फिरतोय ना?" आणि परत पाठवलं.

दुपारी क्लास भरला. एका मुलाने हाक दिली आणि नीट जागा ठेवली. मी आडोशात बसून होतो. उत्तर न देता बसलो तर काय होईल, असा विचार केला. ही जागा रिकामी राहिली तर तिकडे कोणीतरी सरळ उतरेल. कदाचित मोठ्या विमानातही बसेल. कदाचित नाही. वडिलांना सांगायला काहीतरी होईल. पंखा वर टकटकत होता. मुलगा थांबला होता. आमच्याकडे एवढी जागा ठेवायला वेळ कमी असतो.

मी म्हणालो, "मी फायनलवर आहे. तुम्ही जरा थांबा."

मुलगा चटपटीत आहे. त्याने पुस्तकातलं इंग्रजी उत्तर बरोबर दिलं आणि वर जाण्याची कृती म्हणून दाखवली. सगळं बरोबर. पण त्याच्या आधी, मी बोलणं संपवलं त्याच क्षणी, हेडफोनमध्ये दुसरं कोणीतरी बोललं. कोवळा, आज्ञाधारक आवाज. या वेळी मी तो ओळखला.

"हो सर," तो म्हणाला.